सगळ्यांना दोन बादल्या

सोपानआबांची बाग मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यातली कोरफड कुजली होती आणि केळ वाळली होती. एकाच बागेत, एकाच आठवड्यात, हातभर अंतरावर. आता, कोरफड मारणं ही काही साधी गोष्ट नाही. आमच्या बारामतीच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक आहे. तिच्याकडे मी दिवाळीपासून ढुंकून पाहिलेलं नाही आणि ती मजेत आहे. आबांनी मात्र ती मारून दाखवली होती, आणि तीसुद्धा लाडानं नव्हे, नियमानं.

"सगळ्यास्नी दोन बादल्या," आबा म्हणाले. "एक दिवसाआड. ल्हान न्हाय, मोठं न्हाय, आवडीचं न्हाय, नावडीचं न्हाय. कुणी म्हणायचं न्हाय की मला कमी मिळालं."

"पण आबा, कोरफडीला जास्त झालं."

"तसा तिचा अर्ज आला न्हाय," ते म्हणाले.

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हा विनोद होता की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आबांबरोबर अकरा वर्षं नोकरी करूनही त्यांचा विनोद आणि त्यांचा नियम मला वेगळे काढता येत नसत. आबांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांची आठवण आली की मी अजून त्याच एका प्रश्नाशी अडते: कोरफडीला दोन बादल्या घालणारा हा नियमाचा माणूस शेवटी एवढा मऊ कसा झाला? झाडांनी केला की बायकोनं, की त्या दोन खोल्यांच्या घरानं? मला जेवढं दिसलं तेवढं सांगते.

आबा पाटकरी होते. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला ठरल्या वेळी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं, हे पाटकऱ्याचं काम. मी इंदापूर तालुक्यातल्या पाटबंधारे खात्याच्या एका शाखा कार्यालयात कारकून होते, रोज बारामतीहून एस.टी.नं जायचे. आबा उंच, शिडशिडीत. खाकी शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात घड्याळ. ते घड्याळ रोज सकाळी रेडिओवरून लावलेलं असे. आमच्या साहेबांचं घड्याळ पुढं आणि कार्यालयाचं मागं, त्यामुळे खरे किती वाजले हे विचारायला आम्ही आबांची वाट बघायचो. चारीवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, कुणाकडे ते चहा घेत नसत, पाणीसुद्धा पीत नसत. खांद्याला स्वतःची बाटली. कारण विचारलं तर म्हणायचे, "ज्याचं पाणी मोजायचं त्याच्या माठात हात घालायचा न्हाय."

झाडांशी त्यांचं काहीही देणंघेणं नव्हतं. कालव्याच्या भरावावर इतकी झाडं, पण आबांना त्यातली चार धड ओळखता यायची नाहीत. त्यांच्या लेखी ती सगळी बिनपरवाना पाणी पिणारी मंडळी. एकदा मी एका झाडाखाली डबा खाताना विचारलं, हे कसलं झाड हो? ते वर न बघता म्हणाले, "गळतीचं."

या शिस्तीचं कौतुक सगळे करायचे. तिची झळ बसली ती मात्र मालनकाकींना, म्हणजे आबांच्या बायकोला. काकींचं माहेर निरवांगीचं. भाऊ बापूराव, त्यांच्यापेक्षा लहान, ऊसवाले. त्यांचं शेत आबांच्याच चारीवर, अगदी वरच्या टोकाला. आता सख्खा दाजी पाटकरी म्हटल्यावर पाहुण्यांना काय वाटावं? पण आबा बापूरावांच्या शेतावर इतरांपेक्षा जास्तच वक्तशीर. आणि मग एका उन्हाळ्यात ते घडलं. बापूरावांची पाण्याची पाळी दुपारी बाराला संपत होती, आणि उसाच्या दोन सऱ्या भिजायच्या राहिल्या होत्या. बापूराव म्हणाले, अर्धा तास द्या. आबांनी बाराच्या ठोक्याला चारीचं लोखंडी दार पाडलं, कुलूप घातलं आणि पुढं गेले. बापूरावांनी दगडानं कुलूप फोडलं. संध्याकाळी आबांनी दोन साक्षीदार उभे करून पंचनामा केला आणि दुसऱ्या दिवशी बापूरावांच्या घरी नोटीस गेली. त्यांची पुढची एक पाळी रद्द झाली आणि ऊस वाळला. नोटिशीचा तो कागद मीच टाइप केला होता, म्हणून मला तारखेसकट सगळं आठवतं. टाइप करताना मी आबांकडे एकदा बघितलंही. ते घड्याळाला किल्ली देत होते.

बापूरावांनी निरोप धाडला की आक्कानं कधीही यावं, दाजींनी या दारात पाऊल टाकू नये. काकी म्हणाल्या, जिथं हे न्हाईत तिथं मी न्हाय. तीन वर्षांनी भाचीच्या लग्नाची पत्रिका आली ती एकट्या काकींच्या नावानं. त्यांनी ती देवापाशी ठेवली आणि गेल्या नाहीत. असं करत तेरा वर्षं गेली. बारामतीहून निरवांगी काही परदेशात नाही, पण काकींनी तेरा वर्षांत आपल्या माहेरचा उंबरा पाहिला नाही. आबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मला त्यांचा या बाबतीत फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

निवृत्त झाल्यावर आबा बारामतीत घर घेतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी बांधलं लोणी भापकरला, गावाबाहेर, वडिलांच्या वाटणीत आलेल्या दोन एकरांत. तिकडं कालवा नाही. ज्वारी, बाजरी आणि शेळ्या. जन्मभर पाणी वाटलेला माणूस म्हातारपणी कोरड्यात का गेला? मी विचारलं तर म्हणाले, "हितं कुणी पाळी मागायला येणार न्हाय."

घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा. रस्त्यालगत न बांधता जमिनीच्या पार आतल्या टोकाला बांधलं. बागेची मागणी काकींची. घरात राहायला आल्यावर त्या पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून म्हणाल्या, "म्हायेर न्हाय तर न्हाय. दारात चार झाडं तरी असू द्या. माझ्या बापाच्या दारात पेरू हुता."

दुसऱ्या दिवशी फावडं आलं. चाराची चाळीस झाडं झाली. बाग कशी, तर कालव्यासारखी. कूपनलिकेपासून एक मोठा पाट, त्याला तीन चाऱ्या, प्रत्येक चारीला डब्याचा पत्रा कापून केलेलं दार. जिथं पाट पोचत नाही तिथं बादली. प्रत्येक झाडापाशी रंगानं आकडा घातलेला दगड. दाराच्या आत भिंतीवर खडूनं पाळीपत्रक, कुणाला कुठल्या दिवशी पाणी ते. मी गेले त्या दिवशी काकी मला हळूच म्हणाल्या, "बाई, माझं नाव तेवढं न्हाय त्यात. मला रोज मिळतं." आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

तर, सगळ्यांना दोन बादल्या. पपईनं मान टाकली, शेवगा मुळात सडला. आबा ढळले नाहीत. त्यांचं म्हणणं, झाडंच चुकतात.

त्यांना पहिला धक्का दिला सतरा नंबरच्या मोगऱ्यानं. बाकीची बाग रडत असताना हा मोगरा ओंजळी-ओंजळी फुलायला लागला. आबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना संशय आला. दोन बादल्यांत एवढी फुलं बसत नाहीत. त्यांनी तपास सुरू केला. पाट तपासला, गळती नाही. शेवटी एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन ओट्यावर पडले, आणि त्यांनी काकींना पकडलं. ताकाच्या भांड्यांचं धुवण घेऊन काकी मोगऱ्यापाशी वाकल्या होत्या.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"पहिल्यापासनं," काकी म्हणाल्या. "करा पंचनामा. साक्षीदार बोलवा. कुलूप घाला माझ्या मोरीला."

हे मला काकींनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलून गेले आणि जीभ चावली बाई. वाटलं, आता आठ दिस घर मुकं होणार." पण आबा मोगऱ्यासमोर उकिडवे बसले आणि दिवस कलेपर्यंत तिथंच बसून राहिले. मधेच बोट मातीत खुपसायचे, वास घ्यायचे. मग शेजारच्या झाडापाशी सरकून तिथं बोट खुपसायचे. रात्री भिंतीवरचं पाळीपत्रक त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं.

तिथून आबा मला वेगळेच दिसायला लागले. सकाळी सहाला माझ्या मोबाइलवर फोटो यायचा. एक पान, खाली मजकूर: "ह्याला काय झालं असंल?" मला झाडातलं ओ का ठो कळत नाही. मी तो फोटो माझ्या कृषी पदवीवाल्या मावसभावाला धाडायचे, त्याचं उत्तर आलं की माझं म्हणून आबांना. सहा महिने माझी विद्वान म्हणून ख्याती होती. मग आबांना लिंबाविषयी प्रश्न पडला, की पाणी घालूनही लिंबू फुलत का नाही. मावसभाऊ म्हणाला, पाणी तोडा, ताण द्या, मग बहार येईल. आबांचा तडक फोन आला.

"बाई, पाणी बंद केल्यावर फुलतंय? असं कसं वो?"

"तसंच असतं आबा. प्रत्येकाचं वेगळं."

"आणि ह्ये मला सत्तरीत कळतंय," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायला लागले. खरं सांगायचं तर सीताफळांसाठी जायचे, पण आबांना बघायलाही. घर आत बांधल्यामुळे रस्त्यापासून घरापर्यंत बागेतूनच जावं लागे, आणि आबा सोबत असले की त्या शंभर पावलांना पाऊण तास लागे. प्रत्येक झाडाची हकीकत. ह्याला दुपारचं पाणी चालत नाही. हे पाऊस यायच्या आधी चार दिवस पानं मिटतं, खरं का खोटं माहीत नाही पण लक्ष ठेवलंय. चाळीस वर्षं न विचारलेले प्रश्न हा माणूस आता एकदम विचारत होता. मुंग्या उजवीकडूनच का चढतात? बुलबुल पिकलेली पपई सोडून कच्ची का टोचतो? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. आकड्यांचे दगड अजून होते, पण आबा आता झाडांना नंबरानं हाक मारत नसत. चिंचेला ते "म्हातारी" म्हणायचे, ती सगळ्यांत लहान असूनही.

एकदा असेच ओट्यावर बसलो होतो. काकी आत भाकरी थापत होत्या. आबा आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तो कागुद तुमीच टाइप केला हुता न्हाय का?"

कुठला कागद ते मी विचारलं नाही.

"दार पाडलं ते बराबरच हुतं," ते म्हणाले. "पण मी त्याच्या रानात उतरून बघितलं न्हाय. किती वाळलाय, काय वाळलाय. घड्याळ बघितलं नुसतं."

मग आतून काकींनी "या जेवायला" म्हणून हाक मारली आणि तो विषय तिथंच राहिला. मला वाटलं, चला, आता हे जातील. पण गेले नाहीत. असा माणूस स्वतःशी कबूल झाला तरी दारात जाऊन उभा राहायला त्याला काहीतरी निमित्त लागतं.

ते निमित्त पुढच्या उन्हाळ्यानं दिलं. आधीच्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. मार्चमध्ये आबांची कूपनलिका गुळण्या टाकायला लागली, एप्रिलमध्ये थांबली. गावात टँकर यायचा तो पिण्याचा; त्यातला थेंब आबा झाडाला देणं शक्यच नव्हतं. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी बागेत जाई, पण चाळीस झाडांना ते कुठं पुरणार? जांभूळ गेलं. काकींचा पेरू पानं गाळायला लागला. काकी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या.

मी म्हटलं, "आबा, विकतचा टँकर मागवू. मी फोन करते."

"भरतो कुठनं?"

"विहिरीतून."

"कंच्या?"

झालं. आबांना चार-पाच गावांतली विहीर न् विहीर माहीत. कुठली कालव्याच्या पाझरावर जगते, कुणी रात्री कालव्यात पाइप टाकून विहीर भरतो, सगळं पाठ. मी तीन टँकरवाल्यांना फोन केले, तिन्ही विहिरी आबांनी बाद केल्या. "दुसऱ्याच्या पाळीचं पाणी हाय त्ये. माझ्या झाडाच्या नरड्याखाली उतरणार न्हाय." मी चिडून म्हटलं, मग झाडं मरू द्या. त्यांनी उठून पेरूच्या बुंध्याशी मातीत बोट खुपसलं. मग म्हणाले, "एक विहीर हाय. नदीच्या झऱ्याची. कालव्याचा थेंब न्हाय तिच्यात, मी स्वता बघितलंय."

"कुठं?"

"निरवांगीला."

बापूरावांची विहीर, तो ऊस वाळला त्यानंतर खणलेली. लोणी भापकरहून निरवांगी म्हणजे बारामती ओलांडून पलीकडे, पन्नासेक किलोमीटर. तिथून ट्रॅक्टरच्या टँकरनं पाणी आणायचं हे ऐकून कुणीही वेड्यात काढलं असतं. जवळपास कुठंच दुसरी स्वच्छ विहीर नव्हती का? असलीच पाहिजे. आबा पाण्यासाठी निघाले की काकींसाठी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं होतं, एवढ्या लांबून? त्यांनी उत्तर दिलं, "बाई, तुमी गाडी चालवा."

काकींना काही न सांगता आम्ही सकाळी निघालो. माझी स्कूटी आणि मागं सहा फुटी आबा, गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर. बारामती सोडल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "त्यानं हाकलून दिलं तर तुमी मधी बोलू नका."

बापूराव विहिरीवर होते. मोटर चालू होती, उसाला पाणी चाललं होतं. आबांना बघून ते उठले नाहीत आणि जा असंही म्हणाले नाहीत. केस पार पांढरे झालेले, काकींसारखंच नाक. आबा बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "बापूराव, पाणी मागायला आलोय. एक टँकर. झाडं मराय लागल्यात."

या माणसानं चाळीस वर्षं लोकांना पाणी मागताना ऐकलं होतं. स्वतः मागायला त्याला जमत नव्हतं, शब्द मोजून ठेवल्यासारखे एकेक येत होते.

बापूरावांनी उसाकडे बघत विचारलं, "घड्याळ हाय का?"

आबांनी मनगट दाखवलं.

"माझ्या विहिरीलाबी पाळी असती, दाजी. उसाची पाळी बारापतुर हाय. बारानंतर बघू."

नऊ वाजले होते. मला संताप आला; विहीर यांची, मोटर यांची, कसली पाळी न् कसलं काय. पण आबांचा चेहरा बघितला तर तो खुलला होता. "बराबर हाय," ते म्हणाले आणि विहिरीच्या कठड्यावर सावली धरून बसले. ऐन एप्रिलात तीन तास. बापूरावांच्या बायकोनं चहा आणला. आबांनी कप उचलून तोंडाला लावला तेव्हा बापूरावांनी मान वळवून पाहिलं.

बाराला बापूराव उठले आणि त्यांनी मोटर बंद केली. आबा उसाकडे बघत होते.

"दोन सऱ्या ऱ्हायल्यात," आबा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. बारा वाजलं."

"चालू करा मोटर. अर्ध्या तासानं काय बिगडतंय."

बापूराव मोटरच्या पेटीपासून मागं वळले. मग म्हणाले, "ह्येच त्या दिशी म्हणला असता तर?"

"त्या दिशी न्हाय म्हणलो. आजबी म्हणणार न्हाय," आबा म्हणाले. "खाली शेवटाला सकाळधरनं माणसं बसली हुती, त्यांच्याबी उसाला पाणी न्हवतं. पण कुलूप घातल्यावर मी तुमच्या दारात यायला पायजे हुतं. आलो न्हाय. कागुद धाडला. बायकूच्या भावाला कागुद धाडला मी." मग म्हणाले, "तेरा वर्सं तिनं म्हायेर बघितलं न्हाय, बापूराव."

बापूरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि मोटरचं बटण दाबलं. आबांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुणी न सांगता फावडं उचलून ते सरीत उतरले. पाटकऱ्यानं आयुष्यभर दारं उघडली आणि पाडली, पण उसाच्या बुंध्याशी पाणी पोचताना उभं राहून बघायची वेळ त्यांच्यावर बहुतेक पहिल्यांदाच आली असावी. दोन्ही सऱ्या त्यांनी भिजवल्या. वर येऊन म्हणाले, "ह्या कडंचा ऊस पिवळा का पडलाय?" आणि मग दोघं जण वाकून ते पान उलटंपालटं करत बसले. मी तिथं आहे हे दोघेही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर लोणी भापकरला आला. ट्रॅक्टर स्वतः बापूराव चालवत होते, पहाटे अंधारातच निघाले होते म्हणे. काकींना आम्ही तरीही काही सांगितलं नव्हतं. आवाज ऐकून त्या रस्त्यापर्यंत चालत आल्या आणि थबकल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडारड होणार. काकी म्हणाल्या, "टोपी कुठाय तुजी? उघड्या डोक्यानं आलास व्हय रं एवढ्या उन्हाचा?"

"आक्का, आदी टँकर मोकळा करू," बापूराव म्हणाले. "मंग ओरड."

मग मात्र दोघंही रडले, आणि मीही. आबा पाइप जोडत होते, ते आमच्याकडे बघत नव्हते.

पाणी देताना आबा प्रत्येक झाडापाशी बोट मातीत घालून बघत आणि सांगत, ह्याला एवढं, ह्याला नगं, ह्याला उद्या. बापूराव पाइप धरून मागं मागं. चिंचेपाशी येऊन ते म्हणाले, "दाजी, एवढं इचारून आमाला पाणी दिलं असतं तर आमी तुमाला आमदार केलं असतं." आबा हसले. मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना तेव्हाच पाहिलं. पावसाळ्यापर्यंत आठवड्याला एक टँकर येत राहिला. सात झाडं गेली, बाकीची वाचली, पेरूही वाचला.

मी आबांना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी श्रावणात, लोणी भापकरच्या एस.टी. थांब्यावर. मी सीताफळं पिकली का बघायला निघाले होते, तर हे दोघं थांब्यावर उभे. काकी नव्या लुगड्यात, हातात पिशवी, केसांत मोगऱ्याचा गजरा. तेरा वर्षांनंतर माहेरी निघाल्या होत्या. आबा सोबत जाणार नव्हते. बापूराव त्यांनाही बोलवून गेले होते, पण ते म्हणाले, "पहिल्यांदा तिचं तिनं जाऊ द्या. माझ्यासंगट गेली तर माझ्याच तोंडाकडं बघत बसंल."

मोरगावकडून बारामतीची एस.टी. आली. आबांनी काकींना चढवलं, पिशवी वर दिली. काकी खिडकीशी बसल्या आणि सूचना सुरू झाल्या. पीठ कुठल्या डब्यात, दूध कधी तापवायचं, मोगऱ्याला काय.

"चार दिसांनी येते," त्या म्हणाल्या.

"आठ ऱ्हा," आबा म्हणाले.

कंडक्टरनं घंटा दिली. जन्मभर कुणाला अर्धा तास जास्तीचा न दिलेला तो उंच माणूस गाडीबरोबर चालायला लागला, एक हात खिडकीच्या गजावर. गाडीनं वेग घेतला तसा तो हात सुटला, आणि आबा भर रस्त्यात थांबून, चारी बाजूंचे लोक बघत असताना, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या मोठ्या आवाजात ओरडले,

"म्हैनाभर ऱ्हा!"